हब मोटर आणि घाटाचा चढ

विजेच्या सायकलीची मोटर चाकाच्या तुंब्यात, म्हणजे सगळे आरे ज्या मधल्या गोल भागाला येऊन मिळतात तिथे बसवलेली असेल, तर तिला हब मोटर म्हणतात. तीच मोटर पेडलच्या आसापाशी बसवून तिचा जोर चेनमार्फत मागच्या चाकाला दिला, तर त्या रचनेला मिड-ड्राइव्ह म्हणतात. सपाट रस्त्यावर या दोहोंतला फरक फारसा जाणवत नाही, पण चढ लागला की दुकानदार, मिस्त्री, गिऱ्हाईक आणि जाणकार यांच्यात वाद सुरू होतो आणि तो बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो: हब मोटरला घाट झेपतो का? ‘नाही’ म्हणणारे जळालेल्या मोटरी दाखवतात, ‘हो’ म्हणणारे रोज चढ चढणारी गिऱ्हाइके दाखवतात, आणि दोघांचेही पुरावे खरे असल्यामुळे वाद काही मिटत नाही.

पुढील संवादात हा वाद दोन प्रातिनिधिक पात्रांच्या तोंडी घातला आहे. एक आहेत यंत्र-अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेले अध्यापक, ज्यांचा कल उघडपणे मिड-ड्राइव्हकडे आहे. दुसरे आहेत पुण्यातले एक मिस्त्री, ज्यांचा धंदा साध्या सायकलींना हब मोटरचे कीट बसवून देण्याचा आहे. मिस्त्री अध्यापकांना सर म्हणतात आणि अध्यापकही मिस्त्रींशी अहो-जाहोनेच बोलतात, परंतु त्यामुळे वादाची धार बोथट होत नाही.

अध्यापक: मिस्त्री, आधी चढ मोजायचा कसा ते ठरवून घेऊ. १०० मीटर पुढे गेल्यावर उंची ८ मीटरनी वाढली, तर तो ८ टक्के चढ. रेल्वेच्या भाषेत हेच प्रमाण ‘साडेबाराला एक’ असे सांगितले जाते. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, त्याचा सर्वांत कडक चढ ३७ला १, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. १९०७ सालच्या नेरळ-माथेरान छोट्या गाडीने २०ला १, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत मजल मारली. मोटररस्त्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची मानके डोंगराळ भागात नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के धरतात आणि अगदी नाइलाज असेल तिथे ७ ते ८ टक्के चालवून घेतात. पोटात गोळा आणणारा घाटसुद्धा आकड्यात पाहिला तर एवढाच असतो.

मिस्त्री: पण सर, गिऱ्हाईक ज्या चढाबद्दल विचारायला येते तो घाट नसतोच. तो सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ असतो, नाहीतर टेकडीवरच्या वस्तीतली एखादी गल्ली असते, आणि तिथे मानके पाहायला कोणी जात नाही. तो चढ घाटाच्या दुप्पट उभा असतो आणि तरीही दुकानातून गेलेल्या हब मोटरच्या सायकली तो रोज चढतात. मग घाटात त्यांना काय होते?

अध्यापक: घाटात त्या तापतात. कारण समजून घ्यायचे तर मोटरच्या आत जावे लागेल. तारेच्या गुंडाळीतून, म्हणजे वाइंडिंगमधून, जितका विद्युतप्रवाह जाईल त्या प्रमाणात मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा पीळ, मिळतो. परंतु तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर टॉर्क दुप्पट आणि उष्णता चौपट. आता चढ दुप्पट झाला की टॉर्क जवळजवळ दुप्पट लागतो, आणि हब मोटर चाकाशी बांधलेली असल्यामुळे तो टॉर्क तिला स्वतःच द्यावा लागतो, खालचा गिअर टाकून सुटका करून घेता येत नाही.

मिस्त्री: हे कळले. पण मग गाडी हळू चालवली तर मोटरला आराम मिळायला हवा. गिऱ्हाइकालाही तसेच सांगितले जाते की, चढावर सावकाश जा, मोटरवर जोर टाकू नका.

अध्यापक: नेमका तोच सल्ला घातक आहे.

या ठिकाणी वादाची पहिली गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय पुढचे सारे बोलणे व्यर्थ ठरते. बैल, माणूस किंवा पेट्रोलचे इंजिन यांच्या अनुभवातून बनलेली सर्वसाधारण समजूत अशी असते की, सावकाश केलेले काम कमी थकवते. हब मोटरच्या बाबतीत ही समजूत उलटी पडते, कारण चढावर लागणारा पीळ वेगावर अवलंबून नसतो. गाडी ताशी १८ किलोमीटरने जावो की ५ किलोमीटरने, गुरुत्वाकर्षण तिला तेवढ्याच जोराने मागे ओढत असते. त्यामुळे प्रवाह तेवढाच आणि दर सेकंदाला तारेत निर्माण होणारी उष्णताही तेवढीच राहते. बदलतो तो फक्त त्या उष्णतेच्या मोबदल्यात पदरात पडणारा रस्ता. चारचाकी चालवणाऱ्याला हे दुसऱ्या रूपात ठाऊक असते: चढावर सिग्नल लागल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी हाफ क्लचवर धरून ठेवली की गाडी जागची हलत नाही, इंजिन मात्र पेट्रोल खात राहते आणि थोड्या वेळाने क्लच जळल्याचा वास येतो. उभ्या चढावर थांबलेल्या सायकलीचा थ्रॉटल पिळून धरला की हब मोटरचे तेच होते. वेग शून्य असताना बॅटरीतली सगळी वीज उष्णतेत जाते आणि मोटर ही केवळ एक शेगडी उरते.

अध्यापक: एक हिशेब मांडून पाहा. सायकल, बॅटरी, सामान आणि स्वार मिळून १०० किलो वजन धरा, चढ ८ टक्के धरा. मागे ओढणारे बल सुमारे ७८ न्यूटन आणि टायरच्या घर्षणाचे सुमारे ८ न्यूटन, म्हणजे एकूण ८६ न्यूटन होते. २६ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३३ सेंटिमीटर. म्हणून टॉर्क सुमारे २८ न्यूटन-मीटर लागेल. ३६ व्होल्टवर बिनभाराने ताशी ३० किलोमीटर वेग देणारी आणि वाइंडिंगचा रोध ०.३५ ओहम असलेली बिनगिअरची मोटर घेतली, तर तिला यासाठी साधारण २० अँपिअर प्रवाह लागतो आणि तारेत १४० वॅट उष्णता निघते. हा आकडा वेगाने बदलत नाही. आता असा ६ किलोमीटरचा, म्हणजे ४८० मीटर उंचीचा चढ समोर आहे असे समजा. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत चढून जाताना जवळपास एवढीच उंची गाठावी लागते, फक्त तो रस्ता लांब असल्यामुळे सरासरी चढ सौम्य आहे.

मिस्त्री: आणि स्वार पेडल मारत नाही, नुसता बसून आहे?

अध्यापक: सध्या तसेच धरा, त्याच्याकडे नंतर येऊ. ताशी १८ किलोमीटरने हा चढ २० मिनिटांत संपतो. वजन वर नेण्याचे काम १४३ वॅट-तास आणि वाया गेलेली उष्णता सुमारे ४७ वॅट-तास. ताशी ९ किलोमीटरने ४० मिनिटे लागतात. काम तेवढेच, पण उष्णता ९३ वॅट-तास. ताशी ५ किलोमीटरने ७२ मिनिटे लागतात आणि उष्णताच १६८ वॅट-तास होते, म्हणजे कामापेक्षा जास्त. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सगळे मिळून ३६० वॅट-तास असतात. पहिल्या स्वाराची निम्म्याहून थोडी अधिक बॅटरी जाते, शेवटच्याची जवळजवळ सगळी, आणि ‘मोटरवर जोर टाकला नाही’ असे समाधान मात्र शेवटच्यालाच असते.

हिशेबात वाऱ्याचा रोध, बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या कंट्रोलरमधला व्यय आणि मोटरच्या लोखंडात होणारा व्यय धरलेला नाही, आणि वेगवेगळ्या मोटरींचे आकडे वेगवेगळे येतील. तरीही त्याची दिशा कोणत्याही हब मोटरला लागू आहे. इथे एक बारकावा सांगायला हवा. फिरणारी मोटर स्वतःच एक जनित्र असते आणि वेगाच्या प्रमाणात उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करते, ज्याला मोटरी दुरुस्त करणारे ‘बॅक ईएमएफ’ म्हणतात. मोटरला मिळणाऱ्या दाबातला जितका वाटा हा उलट दाब व्यापतो तितकी वीज खऱ्या कामाला लागते. म्हणूनच बिनभार वेगाच्या निम्म्याच्या वर मोटर खुशीत असते आणि निम्म्याखाली गेली की तिची अवस्था झपाट्याने बिघडत जाते.

मिस्त्री: आता सोसायटीच्या चढाचे सांगा, सर. तो १६ टक्के धरा. तुमच्या हिशेबाने तिथे मोटर केव्हाच खाक व्हायला हवी होती.

अध्यापक: तिथे उष्णता ५०० वॅटच्या घरात जाते, हे खरे. परंतु ज्या भागाभोवती वाइंडिंग असते तो स्टेटर तांब्या-लोखंडाचा सुमारे ३ किलोंचा गोळा असतो, आणि त्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे १३०० जूल लागतात. ५०० वॅटने तो मिनिटाला २३ अंशांनी तापेल. पार्किंगचा चढ पंधरा सेकंदांत संपतो, म्हणजे पाच-सहा अंश. त्याच मोटरने १६ टक्क्यांचा चढ सलग पाच मिनिटे चढवला तर तापमान शंभर अंशांहून अधिक वाढेल. तुमचे गिऱ्हाईकही खोटे बोलत नाही आणि जळालेली मोटरही.

मिस्त्री: म्हणजे मोटरला उंची मारत नाही, वेळ मारतो.

हे वाक्य मिस्त्रींच्या तोंडून आले हे योग्यच झाले, कारण जळालेली मोटर उघडण्याची वेळ त्यांच्यावर येते. चांगल्या वाइंडिंगमधल्या तांब्याचा लालसर-पिवळा रंग वार्निशखालून चमकतो. तापून मेलेल्या मोटरीत तोच रंग आधी तपकिरी आणि मग काळा पडलेला दिसतो, इन्सुलेशनचे पापुद्रे सुटलेले असतात आणि तो कडवट वास दुकानात संध्याकाळपर्यंत राहतो. चटका सर्वप्रथम बसतो तो नेहमी तारेलाच असे नाही. चाकाची स्थिती कंट्रोलरला कळवणारे हॉल सेन्सर आधी दगा देऊ शकतात; नियोडिमियम चुंबकांच्या साध्या प्रती ८० अंशांच्या पुढे आपले चुंबकत्व कायमचे गमावू लागतात; आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढत असल्यामुळे शंभर अंशांनी तापलेली तार त्याच प्रवाहाला जवळजवळ ४० टक्के अधिक उष्णता देते, म्हणजे ताप तापाला वाढवतो.

मिस्त्री: तुम्ही हब मोटर म्हणून एकच जात धरलीत, सर. दुकानात दोन जाती येतात. एक बिनगिअरची, जड, पाच ते सात किलोंची. तिच्यात झिजण्यासारखे काही नाही, आवाज नाही. दुसरी गिअरवाली, अडीच-तीन किलोंची. तिच्या पोटात मधला एक लहान दाता आणि त्याच्याभोवती फिरणारे तीन नायलॉनचे दाते असतात.

अध्यापक: त्याला ग्रहीय गिअर म्हणतात, कारण ते तीन दाते मधल्या दात्याभोवती ग्रहांसारखे मांडलेले असतात. त्यामुळे आतली मोटर चाकाच्या साधारण पाचपट वेगाने फिरते आणि तिला टॉर्क पाचपट कमी लागतो. वजनाच्या मानाने चढ चढण्यात ती सरस.

मिस्त्री: कागदावर सरस. पण तिची उष्णता बाहेर येत नाही. घाट चढून आलेल्या गिअरवाल्या मोटरीवर हात ठेवला तर कवच कोमट लागते, गिऱ्हाईक म्हणते, बघा, काही झाले नाही. आत मात्र वाइंडिंग रटरटत असते, कारण मोटर आणि कवच यांच्यामध्ये हवेचा जाड थर असतो आणि आसाशिवाय उष्णतेला दुसरी वाट नसते. शेवटी नायलॉनचे दाते मऊ पडून गळतात. बिनगिअरची मोटर हवेच्या बारीक फटीपलीकडे थेट कवचालाच उष्णता देते, म्हणून तिच्यावर हात भाजतो आणि म्हणूनच ती वाचते.

अध्यापक: हे मान्य. त्या फटीत काही मिलिलिटर चुंबकीय द्रव सोडला तर उष्णता आणखी सहज बाहेर पडते. लोहकणांचा हा द्रव १९६३ साली नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी अवकाशातल्या रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून आणता यावे म्हणून तयार केला होता. तो आज सायकलीच्या चाकात शिरला आहे.

गिअरवाल्या हब मोटरीतला गिअर एकच आणि कायमचा असतो, हे इथे विसरता कामा नये. तो मोटरला हलकी करतो, पण चढाप्रमाणे बदलता येत नाही. त्यामुळे वेग पडला की तिचीही गत तीच होते, फक्त थोडी उशिरा. या विषयावरच्या जाहिराती ‘गिअर’ हा शब्द जितक्या मोकळेपणाने वापरतात, तितका विश्वास त्यावर ठेवण्याचे कारण नाही.

मिस्त्री: यावर आमच्याकडे एक उपाय आहे. घाटाच्या गिऱ्हाइकाला ‘टॉर्क वाइंडिंग’ची मोटर देतात. तार बारीक, वेढे जास्त. वेग कमी, पण ताकद जास्त.

अध्यापक: ती ताकद बव्हंशी भास आहे. वेढे दुप्पट केले तर तेवढ्याच टॉर्कला प्रवाह निम्मा लागतो. परंतु त्याच जागेत दुप्पट वेढे बसवायचे तर तार निम्म्या छेदाची घ्यावी लागते आणि लांबीही दुप्पट होते, म्हणून रोध चौपट होतो. निम्म्या प्रवाहाचा वर्ग एक चतुर्थांश, गुणिले चौपट रोध: उष्णता जशीच्या तशी. तांबे तेवढेच असेल तर टॉर्कमागची उष्णता वाइंडिंग बदलून बदलत नाही.

मिस्त्री: मोटरच्या आत बदलत नसेल. बाहेर बदलते. पोकळ आसातून तीन जाड फेजच्या तारा आणि हॉल सेन्सरच्या पाच बारीक तारा बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे फेजची तार फार जाड घेताच येत नाही. प्रवाह निम्मा झाला की ती तार, तिचा जोड आणि कंट्रोलर हे तिन्ही कमी तापतात. कंट्रोलरला पंधरा-वीस अँपिअरची मर्यादा असते. बारीक वाइंडिंगची मोटर तेवढ्याच अँपिअरमध्ये जास्त पीळ देते. गिऱ्हाइकाला जाणवते ते हेच.

अध्यापकांचे गणित अचूक आहे आणि मिस्त्रींचा अनुभवही. फरक असा की, एकाने मोटर पाहिली आणि दुसऱ्याने संपूर्ण सायकल. खरा फायदा हवा असेल तर तो वाइंडिंगपेक्षा चाकाच्या आकारात आहे. तीच मोटर २६ ऐवजी २० इंची चाकात बसवली तर लागणारा टॉर्क सुमारे पाऊणपट होतो आणि उष्णता ६० टक्क्यांवर येते. मोठ्या चाकाच्या रुबाबाची किंमत चढावर मोजावी लागते.

अध्यापक: या साऱ्या कसरतीपेक्षा मोटर चेनच्या मागे बसवणे सोपे नाही का? यामाहाने १९९३ साली पास नावाची सायकल बाजारात आणली तेव्हा मोटर पेडलपाशी होती. पुढची चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चकतीही ३४ दात्यांची असेल, तर पेडल मिनिटाला ६० वेळा फिरताना सायकल ताशी साडेसात किलोमीटरने चढते आणि तरीही मोटर आपल्या आवडत्या वेगातच फिरत असते.

मिस्त्री: गिअर टाकला तर. स्वार वरच्याच गिअरमध्ये घाटाला भिडला तर तुमची मिड-ड्राइव्हसुद्धा तशीच कण्हते. शिवाय माणसाचा आणि मोटरचा, दोघांचा जोर एकाच चेनवर येतो. भर चढावर जोर न सोडता गिअर बदलला की चेन तुटते, आणि मग ना मोटर कामाची ना पेडल. हब मोटरच्या सायकलीची चेन तुटली तरी माणूस घरी पोहोचतो. आणि सर, इथल्या बहुसंख्य सायकलींना गिअरच नसतात. त्यांना मिड-ड्राइव्ह लावून काय मिळणार?

अध्यापक: हब मोटर ही काही नवी कल्पना नाही, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ च्या अखेरीस मागच्या चाकातल्या मोटरचे पेटंट मिळाले. १० व्होल्टची बॅटरी, १०० अँपिअरपर्यंत प्रवाह आणि गिअर नाही. म्हणजे चढाचा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

मिस्त्री: आणि तेव्हापासून ती मोटर टिकूनही आहे.

वादाला खरे वळण मिळते ते स्वाराचा विचार सुरू झाल्यावर. भारतातल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या दुचाकीच्या मोटरची ‘३० मिनिटांची शक्ती’ २५० वॅटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी, ती वजनाची अट पाळत असेल तर मोटार वाहन ठरत नाही. पाटीवरच्या या २५० वॅटचा अर्थ गिऱ्हाईक ताकद असा लावते. वस्तुतः अर्धा तास सलग चालूनही मोटर मर्यादेबाहेर तापणार नाही अशी ती पातळी आहे, म्हणजे हा आकडा उष्णतेचा आहे आणि थोड्या वेळापुरती मोटर त्याहून बरेच अधिक देऊ शकते. ८ टक्के चढावर ताशी ९ किलोमीटरने जायला चाकाशी सुमारे २१५ वॅट लागतात. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ७० वॅट, स्वाराने पेडल मारून दिला तर काय होते?

मिस्त्री: मोटरचे काम तिसऱ्या हिश्शाने कमी होते. त्यात काय मोठे?

अध्यापक: काम तिसऱ्या हिश्शाने, परंतु उष्णता निम्म्याहूनही कमी. प्रवाह दोन तृतीयांश, त्याचा वर्ग चार नवमांश. १४० वॅटची उष्णता ६२ वॅटवर येते. ७० वॅट हा काही पहिलवानी आकडा नव्हे, धडधाकट माणूस तासभर तेवढे देऊ शकतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. इथे राजा होण्याची गरज नाही, कर्जतच्या मागच्या इंजिनाएवढे काम पुरे आहे.

मिस्त्री: गिऱ्हाइकाला हे कसे सांगायचे? ते मोटर घेते तेच पेडल मारायचे नाही म्हणून.

अध्यापक: पेडल मारायचे नसेल तर वेळ तरी वाचवा. पूर्ण थ्रॉटलवर, वेगाने चढा, मध्ये थांबू नका. थांबलात तर मोटर निवेपर्यंत थांबा आणि पुन्हा निघताना दोन ढांगा पायाने ढकला.

मिस्त्री: आणि रस्ता मोकळा असेल तर नागमोडी चढा. गुराखी गुरे तशीच वर नेतात. बोरघाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली असे म्हणतात, जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. चढ मारायचा नसतो, फिरवून घ्यायचा असतो, हे त्याला ठाऊक होते. मात्र वाहतुकीत हे करू नये.

चढाचा एक परिणाम उष्णतेशी संबंधित नसल्यामुळे विद्वानांच्या चर्चेत बहुधा राहून जातो, तो मिस्त्रींनीच मांडावा असा आहे. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा आस तेवढ्याच पिळाने मागे फिरू पाहतो. हा आस साधारण १४ मिलिमीटर जाड असून त्याच्या दोन बाजू घासून सपाट केलेल्या असतात, आणि त्या सपाट बाजू फोर्कच्या खाचेत अडकून आसाला धरून ठेवतात. सपाटीवर ही पकड पुरते. १६ टक्के चढावर पन्नासहून अधिक न्यूटन-मीटरचा पीळ त्या दोन अरुंद कडांवर येतो, नट किंचित सैल असेल तर आस खाच रुंद करत फिरतो, आणि एकदा फिरला की त्याच्या पोकळीतून आलेल्या आठही तारा चिमट्यात सापडल्यासारख्या कापल्या जातात. ॲल्युमिनियमच्या पुढच्या फोर्कमध्ये तर खाचेचा ओठच तुटून चाक निखळू शकते. म्हणून आसाच्या सपाट बाजूंवर बसणारी आणि दुसऱ्या टोकाने फ्रेमला बांधलेली पोलादी पट्टी, जिला टॉर्क आर्म म्हणतात, ती घाटाच्या सायकलीला असायलाच हवी. पुढच्या चाकातली मोटर घाटासाठी तशीही गैरसोयीची, कारण चढावर वजन मागच्या चाकावर सरकते आणि पुढचे चाक खडीवर जागच्या जागी घसरते.

अध्यापक: उतरताना तरी हब मोटरचा लाभ मान्य करायला हवा. बिनगिअरची मोटर उतारावर जनित्र होते, ब्रेकचे रबर वाचते आणि थोडी वीज परत बॅटरीत येते. गिअरवाल्या हब मोटरीत आणि बहुतेक मिड-ड्राइव्हमध्ये मधे फ्रीव्हील असल्याने ते होत नाही.

मिस्त्री: त्यातही एक मेख आहे. खंडाळ्याचा माणूस सकाळी बॅटरी पूर्ण भरून खाली निघाला तर भरलेल्या बॅटरीत वीज जाणार कुठे? मोटरचा ब्रेक लागतच नाही. त्याने बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावे.

दोघांचे अखेरपर्यंत एकमत होत नाही. सलग चार-पाच किलोमीटर ८ टक्क्यांच्या वर चढायचे असेल आणि सोबत ओझे असेल, तर गिअरची सायकल आणि मिड-ड्राइव्ह यांना पर्याय नाही, हे अध्यापकांचे मत मिस्त्रींना पटले आहे, परंतु असे गिऱ्हाईक वर्षातून किती येते असा त्यांचा सवाल आहे. उलट, शहरातल्या आखूड चढांसाठी बिनगिअरची हब मोटर स्वस्त, टिकाऊ आणि पुरेशी आहे हे अध्यापक मान्य करतात, मात्र तेवढ्याच मोटरीला घाटाची म्हणून विकण्यास त्यांचा विरोध आहे. या प्रश्नावर मिस्त्री गप्प बसतात, आणि त्यांचे ते गप्प बसणे बाजाराबद्दल पुरेसे सांगून जाते.

सायकल घेऊ पाहणाऱ्याने दुकानातच एक चाचणी करावी. चाक उचलून पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि मीटरवर बिनभार वेग वाचावा. मग नेहमीचे ओझे घेऊन, जमेल तेवढे पेडल मारत, आपल्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत लांब चढ चढून पाहावा. त्या चढावर वेग बिनभार वेगाच्या निम्म्याखाली जाऊन तिथेच दोन-तीन मिनिटांहून अधिक रेंगाळत असेल, तर पाटीवर कितीही वॅट लिहिलेले असोत, ती हब मोटर त्या वाटेसाठी घेऊ नये.